बोलके विष आणि मुके विष

मागे एकदा रत्नागिरीजवळच्या एका शाळेत चार शब्द बोलायला जाण्याचा योग आला. बोलणे संपल्यावर नववीच्या वर्गातली एक मुलगी धीर करून उभी राहिली. तिच्या हातात एक लहानशी डबी होती. ती म्हणाली, "सर, ही क्रीम पूर्ण नैसर्गिक आहे म्हणतात. मग लावली तर चालेल ना?" वर्गात खसखस पिकली. पोर बिचारी लाजून खाली बसली. मी डबी हातात घेऊन पाहिली. वर एका गोऱ्यापान बाईचे चित्र होते. करणाऱ्याचे नाव नव्हते, गाव नव्हते, आत काय काय घातले आहे त्याचा एक शब्दही नव्हता.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अंगाला लावायच्या वस्तूवर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर, असा तो प्रश्न होता. माणसाने तो हजारो वर्षे स्वतःच्याच कातडीवर सोडवला आहे. कधी फोड सोसून, कधी जीव गमावून. त्याचाच थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात आपल्या दारातल्या हापूसपासून करू. आंबा देठ ठेवून काढावा, हे रत्नागिरीत कोणाला शिकवावे लागत नाही. देठ मुळातून तुटला की चीक उडतो. तो फळावर ओघळला तर सालीवर डाग पडतो आणि आंब्याचा भाव उतरतो. माणसाच्या अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला, तोही आंबा देठासकट हाती यावा म्हणूनच. मे महिन्यात पोरांच्या ओठांच्या कडेला फोड दिसले, की आजी पहिल्यांदा विचारते, "मेल्या, चीक काढून टाकला नव्हतास ना रे?" ज्या झाडाने अमृतासारखे फळ दिले, त्याच झाडाने हा भाजणारा चीकही दिला.

आता काजू घ्या. हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्याला आणले आणि ते कोकणच्या कातळावर असे रुजले, की आज ते परके वाटतच नाही. पण ओले काजूगर काढणाऱ्या बाईचे हात पाहा. बोटे काळी पडलेली, सालपटे निघालेली. हा टरफलातल्या तेलाचा प्रताप. म्हणून बायका हाताला तेल आणि राख लावून कामाला बसतात. आंबा आणि काजू यांचा तिसरा भाऊबंद म्हणजे बिब्बा. वनस्पतिशास्त्रात हे तिघे एकाच कुळातले, आम्रकुलातले. बिब्ब्याचे तेल लागले की अंगावर उठते, त्याला आपण 'बिब्बा उतला' म्हणतो. 'कामात बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार काही उगाच पडलेला नाही.

या बिब्ब्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धोबी लोक कपड्यावर खूण करायला बिब्ब्याची काळी शाई वापरीत. ती कितीही धुतली तरी जात नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक हिंदुस्थानात आले. त्यांच्यापैकी काहींच्या मानेवर, कमरेवर लाल चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी नीट पाहिले, तर कपड्यावर जिथे धोब्याची खूण, नेमका तिथेच चट्टा! १९४३ साली या विकाराची माहिती अमेरिकन वैद्यकीय मासिकात छापून आली आणि त्याला नावही 'धोबी-खुणेचा त्वचादाह' असेच पडले. आपल्या आजीला हे शोधायला मासिक लागले नव्हते.

या तिन्ही वस्तू झाडाच्या आहेत, शंभर टक्के नैसर्गिक आहेत, आणि तरी त्या भाजतात. लिंबाचेही तसेच. चेहरा उजळावा म्हणून लिंबाचा रस चोळून कोणी उन्हात गेले, तर त्वचेवर जळल्यासारखे काळपट डाग पडू शकतात. तेव्हा 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे गणित पहिल्याच पायरीला चुकते.

पण या विषांचा एक मोठा गुण आहे. ती बोलकी आहेत. लागली की तासाभरात किंवा दोन-चार दिवसांत खाजेने, आगीने, फोडांनी त्वचा ओरडून सांगते, की हे मला नको. म्हणून त्यांच्यापासून सावध राहायला गावाचे शहाणपण पुरले. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून लोकांनी नियम बसवले. चीक काढून आंबा खावा. हाताला तेल लावून काजू सोलावा. बिब्बा जाणत्याशिवाय हाताळू नये.

याच अनुभवाने काही चांगल्या वस्तूही आपल्याला दिल्या. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर चरबी तरंगते. ती काढून, निवल्यावर तिचे गोळे करतात. हेच आपले कोकमतेल. कोणी त्याला भिरंडेल म्हणते, कोणी मुठेल. थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, की गोळा जरा ऊब देऊन चोळायचा. ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणून घरात घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते. त्यात असते काय? बहुतेक सगळी साधी स्निग्ध आम्ले. घटक थोडे, ओळखीचे, आणि गावात शेकडो वर्षे वापरून पाहिलेले. ते झाडाचे आहे एवढ्यावर आपला भरवसा बसलेला नाही. त्यात काय आहे आणि त्याने काय होते, हे ठाऊक आहे म्हणून तो बसला आहे.

दिवाळीचे उटणेही असेच. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, चंदन. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. उटणे आपण लावतो आणि पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकतो, तेही वर्षातून चार दिवस. रोज लावून रात्रभर ठेवायची क्रीम आणि लावून लगेच धुवायचे उटणे, यांना एकच माप लावता येत नाही. वस्तू कोणती, याच्या जोडीला ती किती, कुठे आणि किती वेळ लावायची, हेही पाहावे लागते.

इथवर आपली कातडी आणि आपली आजी, या दोघींवर काम भागले. पण विषांची एक दुसरी जात आहे. ती बोलत नाही.

देवळातल्या मारुतीला आपण शेंदूर लावतो. खरा शेंदूर म्हणजे शिशापासून केलेली लाल भुकटी. जुन्या काळी तांबड्या रंगासाठी वापरीत तो हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. दगडाच्या मूर्तीला शिशाने काही होत नाही. पण तोच शेंदूर माणसाच्या भांगात किंवा कपाळावर गेला, तिथून बोटांना आणि बोटांवरून लहान मुलाच्या तोंडात गेला, तर? आग होत नाही, खाज सुटत नाही, फोड येत नाही. शिसे मुकाट्याने रक्तात उतरते, हाडात साठते आणि वाढत्या मुलाच्या मेंदूचे नुकसान करते. कातडीला पत्ताही लागत नाही.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. युरोपात सरदारघराण्यांतल्या स्त्रिया तीन-चारशे वर्षांपूर्वी चेहरा पांढरा दिसावा म्हणून सफेता फाशीत. सफेता म्हणजेही शिसेच. इंग्लंडातली मारिया गनिंग ही त्या काळची नावाजलेली सुंदरी, कॉव्हेंट्रीच्या सरदाराची बायको. ती १७६० साली ऐन तारुण्यात वारली, ती या सफेत्यामुळेच असे मानले जाते. सफेत्याने कातडी खराब होई, आणि ती झाकायला बायका आणखी सफेता लावीत!

आता कोणी म्हणेल, या झाल्या जुन्या गोष्टी. तर तसे नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी शेंदराचे ११८ नमुने तपासून अहवाल छापला. त्यांतले ९५ नमुने न्यू जर्सीतल्या दुकानांतले होते आणि २३ मुंबई व दिल्लीतले. दर पाचांपैकी सुमारे चार नमुन्यांत कमीअधिक शिसे निघाले. समुद्रापार गेलेल्या आपल्या लोकांनी देव नेले, सण नेले, आणि त्यांच्याबरोबर नकळत हेही गेले.

कुंकवाची गोष्ट जरा निराळी आहे. जुने कुंकू हळदीचे. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते, हे शिक्षकांनी वर्गात करून दाखवावे. मुलांना फार आवडते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, तोही याच कारणाने. पण विसाव्या शतकात कारखान्यात तयार केलेले स्वस्त आणि झगझगीत रंग बाजारात आले आणि पुष्कळ कुंकवांत हळदीची जागा त्यांनी घेतली. मग काही बायकांच्या कपाळावर खाज सुटून काळे डाग पडू लागले. पाँडिचेरीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००७ साली अशा ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढे मेण आणि कुंकू मागे पडून चिकटवायची टिकली आली. तिने आणखी एक घोटाळा केला. काही बायकांच्या कपाळावर, नेमका टिकलीएवढा पांढरा डाग दिसू लागला. खेड्यात पांढरा डाग म्हणजे कोड, आणि कोड म्हटले की लोक काय काय बोलतात, ते मी सांगायला नको. अलाहाबादच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा टिकलीच्या गोंदातले पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचे रसायन सापडले. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी ते मारून टाकते. हा अभ्यास १९९० साली छापून आला. दोष गोंदाचा होता, आणि बोल लागत होता बाईच्या कुळाला! मंडळी, एखाद्या वस्तूत काय आहे हे कळणे किती महत्त्वाचे असते, ते इथे दिसते. रसायनाचे नाव कळले, म्हणून त्या बायांना खरे कारण सांगता आले.

आता आपण त्या मुलीच्या डबीकडे येऊ. १९१९ साली मुंबईत पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. पुढे गणपतीला नाहीतर शिमग्याला घरी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत स्नो-पावडरीची डबी असणे, हे मोठे कौतुकाचे झाले. नटण्यामुरडण्यात वाईट काही नाही. ती हौस माणसाइतकीच जुनी आहे. पण हौसेच्या मागे जेव्हा भीती उभी राहते, तेव्हा माणूस फसतो. लग्नाच्या बाजारात 'मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण रंगाने जरा...' हे वाक्य अर्धेच म्हटले जाते, आणि ते अर्धे वाक्य मुलगी जन्मभर विसरत नाही. त्या अर्ध्या वाक्यावर कितीतरी लोकांची दुकाने चालतात.

या दुकानांतला जुना आणि घातकी माल म्हणजे पारा. पाऱ्याचे काही क्षार त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया थांबवतात. त्यामुळे रंग उजळल्यासारखा दिसतो, आणि लवकर दिसतो. फसगत होते ती इथेच. गुण आला की भरवसा बसतो. चेहरा उजळत असताना पारा त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडात जातो. मूत्रपिंड म्हणजे रक्ताचे गाळणे. ते फाटल्यासारखे झाले की अंगातली प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज चढते. कातडी मात्र तोवर तक्रार करीलच असे नाही.

२०२३ सालच्या आरंभी आपल्या महाराष्ट्रातच, अकोल्यात, असा प्रकार उघडकीला आला. कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, अशा एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. कारण काही कळेना. तिघी एकच क्रीम लावीत होत्या, हे शेवटी ध्यानात आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये प्रमाणाबाहेर पारा सापडला. क्रीम गावातच, सौंदर्यप्रसाधनाचे काम करणाऱ्या व्यक्तीकडून घेतलेली होती. त्याच सुमारास केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. यात समाधानाची गोष्ट एवढीच, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा विकार हटला. म्हणून सांगतो, अंगावर सूज आली आणि डॉक्टरांकडे गेलात, तर खाल्लेल्या औषधांबरोबर चेहऱ्याला काय लावता, तेही न लाजता सांगा.

पाऱ्याच्या जोडीला दुसरा मुका पाहुणा म्हणजे स्टेरॉइड. हे औषध वाईट नव्हे. योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरते डॉक्टर ते देतात. पण गोरेपणासाठी ते महिनोन् महिने चेहऱ्याला फासले, की कातडी पातळ होते, लाल होते, मुरमे आणि केस येतात. आणि बंद केले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. देशातल्या बारा केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण पाहिले, तेव्हा ४३३ जण असे मलम लावीत होते. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत घातली.

आता विचार करा. बोलक्या विषाला आजी पुरली. मुक्या विषापुढे आजीचे काय चालणार? पाऱ्याला वास नाही, शिशाला चव नाही. ते ओळखायला प्रयोगशाळा हवी, आणि प्रयोगशाळेच्या मागे कायदा हवा. हा कायदा कसा आला, तेही थोडक्यात सांगतो.

१९३३ साली अमेरिकेत पापण्या काळ्या करण्याच्या एका रंगाने एका स्त्रीची दृष्टी गेली. तेव्हा तिथल्या कायद्याला प्रसाधनांवर हातच टाकता येत नव्हता. लोकांत मोठी चर्चा झाली आणि १९३८ साली नवा कायदा होऊन प्रसाधने सरकारी देखरेखीखाली आली. आपल्याकडे १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांची चौकशी करायला समिती नेमली गेली आणि त्यातून १९४० सालचा औषध कायदा निघाला. तो फक्त औषधांपुरता होता. १९६२ साली त्यात दुरुस्ती होऊन सौंदर्यप्रसाधने आत आली. म्हणजे तोवर आपल्या देशात चेहऱ्याला काय विकावे, याला औषधासारखा धरबंध नव्हता. अलीकडे २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले.

या नियमांतल्या दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. रंग आणण्यासाठी शिशाची आणि सोमलाची संयुगे वापरायला मनाई आहे. वापरलेल्या रंगात शिसे दहा लाख भागांत २० भागांहून जास्त असता कामा नये. क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायचाच नाही. कच्च्या मालातून नकळत आलाच, तर दहा लाखांत एक भाग, याहून जास्त नको. दहा लाखांत एक म्हणजे किती? शिक्षक मंडळींनी मुलांना असे सांगावे: पन्नास किलोची तांदळाची वीस पोती घ्या. त्या सगळ्या ढिगात एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. एवढीच सूट.

पारा हा एका देशाचा प्रश्न नाही. जपानात मिनामाता नावाच्या उपसागराकाठी पाऱ्याने शेकडो कोळी कुटुंबे उद्ध्वस्त झाली. तो रोग १९५६ साली ओळखला गेला. त्याच गावाचे नाव घेऊन २०१३ साली पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झाला आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. २०२३ साली या करारातल्या देशांनी आणखी पुढे जाऊन ठरवले, की पारा घातलेली प्रसाधने २०२५ पर्यंत सरसकट बंद व्हावीत.

कायदा झाला, करार झाला, मग अकोल्याचे काय? श्रोतेहो, कायदा कारखान्याच्या दारात उभा राहू शकतो. नाव-गाव नसलेल्या डबीच्या मागे तो किती धावणार? तिथे आपल्यालाच उभे राहावे लागते. आपल्या हातात त्यासाठी एक साधे हत्यार आहे. ते म्हणजे डबीवरचा कागद.

त्यावर काय पाहावे? करणाऱ्याचे नाव आणि पत्ता. परवान्याचा क्रमांक. घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक. केव्हा बनवले आणि केव्हापर्यंत वापरावे. आणि घटकांची यादी. या यादीत जो घटक वजनाने जास्त तो आधी, कमी तो नंतर, असा क्रम असतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. पुढे मोठ्या अक्षरांत 'हळद-चंदनयुक्त' लिहिले असेल आणि यादीत हळद-चंदन अगदी तळाशी असेल, तर काय समजायचे ते समजा. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, हे शब्द दिसले तर डबी परत करा. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना असली, तरी सावध व्हा. पारा असलेल्या मालावर अशी सूचना आढळते. आणि कागदच नसेल, तर ती वस्तू कितीही जवळच्या माणसाने दिली, तरी घेऊ नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते.

केस रंगवायच्या पुडीवर एक सूचना असते, तीही वाचून दाखवा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून, चोवीस तास वाट पाहून, मगच वापरावे. भुवया-पापण्यांना लावू नये, दृष्टी जाऊ शकते. पापण्यांची ती अमेरिकन गोष्ट तुम्हांला आता ठाऊक आहे, तेव्हा या सूचनेचे मोल कळेल. 'काळी मेंदी' म्हणून विकतात तिलाही हाच नियम लावा. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस असतो, तो काळा कधीच येत नाही.

पण एक खूणगाठ बांधा. चोवीस तासांची ही परीक्षा फक्त बोलक्या विषाची आहे. बिब्ब्याच्या जातीचे काही असेल, तर त्वचा सांगेल. पारा आणि शिसे या परीक्षेत हसत हसत पास होतील. 'मला तर लावून काही झाले नाही' हे वाक्य म्हणूनच पुरेसे नाही. अकोल्याच्या घरातही सुरुवातीला काही झालेले नव्हते.

आणि उलट्या टोकालाही जाऊ नका. रसायन म्हटले की विष, असे समजायचे कारण नाही. मीठ हेही रसायनच, आणि कोकमतेलातली आम्लेही रसायनेच. क्रीममध्ये टिकवण्यासाठी घातलेला पदार्थ ठरलेल्या प्रमाणात असला, तर तो जंतूंना आळा घालतो. घरी केलेला कोरफडीचा गर आठवडाभर तसाच ठेवून लावणे हे त्याहून वाईट. परवानाधारक कारखान्यातली साधी क्रीम सरसकट घातक नसते, आणि शेजारणीने दिलेली झाडपाल्याची सरसकट चांगली नसते. आत काय, किती, कुठे आणि किती दिवस, हे चार प्रश्न दोघींनाही सारखेच विचारायचे.

त्या मुलीला मी काय सांगितले? मी तिला पुन्हा उभी केली आणि वर्गाला म्हटले, "हिने जो प्रश्न विचारला, तो विचारायला लोकांना फार वर्षे लागली. तुम्ही हसलात, पण हसण्यासारखे त्यात काही नाही." मग तिला म्हटले, "बाळ, ही डबी कोणी केली ते तिच्यावर लिहिलेले नाही. ज्याला आपले नाव लिहायला भीती वाटते, त्याचा माल आपण तोंडाला कशाला लावायचा?" ती थोडी थांबली. म्हणाली, "पण सर, मी काळी आहे ना." वर्ग एकदम शांत झाला. या वेळी कोणी हसले नाही.

याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, आणि कायद्याच्या पुस्तकातही नाही. ते तुमच्या-माझ्या घरात आहे. ती वर्गात एकटी नव्हती, आणि अशा मुली प्रत्येक गावात आहेत. उन्हापासून कातडीचे रक्षण करण्यासाठी निसर्गाने जो रंग दिला, तो घालवायला पारा लावावासा वाटतो, ही वेळ तिच्यावर आपण आणली. म्हणून शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: विज्ञानाच्या एका तासाला मुलांना आपापल्या घरून एकेक डबी, पुडी, बाटली आणायला सांगा. कागद वाचा. यादी फळ्यावर लिहा. कागद नसलेल्या डब्या वेगळ्या काढा. आणि आईबापांना विनंती ही, की मुलीसमोर ते अर्धे वाक्य बोलू नका. ते कानावर पडले नाही, तर पुष्कळ डब्या आपोआपच दुकानात पडून राहतील.